सासूबाईंसाठी कोणती मालिश योग्य ठरेल?

कोथरूडची सून :
माझ्या सासूबाईंचे वय ६८ आहे. हृदयात स्टेंट बसवल्यापासून त्यांना अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, मधुमेह जुना आहे आणि तपासणीत हाडे ठिसूळ झाल्याचेही आढळले आहे. मान आणि कंबर सतत आखडलेली असल्यामुळे, माझ्या बाळंतपणात तेल लावायला येणाऱ्या मावशींना बोलवावे असा त्यांचा आग्रह आहे. माझे पती पंचकर्म केंद्रात अभ्यंग (अंगाला तेल चोळणे) व स्वेदन (वाफ देऊन घाम आणणे) करावे म्हणतात, तर नणंदबाईंनी बाणेरच्या एका स्पामधील डीप टिश्यू मसाज सुचवला आहे. गेल्या आठवड्यात सासूबाई अमेरिकेहून परतल्या, तेव्हापासून डावी पोटरी सुजून दुखते आहे. तीही चोळून घ्यावी असे त्यांना वाटते. यांपैकी काय निवडावे?

भौतिकोपचार_पुणे :
आपण शेवटी ओघात लिहिलेली पोटरीची गोष्ट मी सर्वांत आधी घेईन. लांबच्या विमानप्रवासानंतर एकाच पायाला सूज येऊन तो दुखत असेल, तर खोलवरच्या शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊन अडकण्याचा धोका असतो. त्यामुळे त्या पायाला कोणीही हात लावू नये आणि आजच डॉक्टरांना दाखवून पायाची डॉपलर सोनोग्राफी (शिरांतील रक्तप्रवाह दाखवणारी तपासणी) करून घ्यावी. दम लागला किंवा छातीत दुखले, तर वाट न पाहता १०८ क्रमांकावर फोन करावा. अ‍ॅस्पिरिन चालू असताना गुठळी होणारच नाही, असे मानू नये.

डीप टिश्यूचा विचार मात्र सोडून द्यावा. तो कोपराने किंवा अंगठ्याने खोल दाब देऊन केला जातो. या गोळ्यांमुळे काळेनिळे डाग पडतात आणि ठिसूळ मणक्यांना किंवा फासळ्यांना तडा जाऊ शकतो.

पेठेतला वैद्य :
वरील सल्ल्याशी मी पूर्णपणे सहमत आहे. अभ्यंग सर्वांना सदासर्वकाळ चालतो हा समज आयुर्वेदालाही मान्य नाही. कफाचा जोर असताना, अजीर्णात आणि नुकतीच शोधनचिकित्सा (वमन, विरेचन यांसारखी शरीरशुद्धी) झालेली असताना तो वर्ज्य आहे, असे आयुर्वेदाचे प्राचीन ग्रंथकार वाग्भट यांनी स्पष्ट सांगितले आहे. सासूबाईंच्या बाबतीत मला तेलापेक्षा वाफेची काळजी अधिक वाटते. जुन्या मधुमेहात तळपायांची संवेदना कमी झालेली असते, त्यामुळे चटका बसल्याचे कळतच नाही, आणि हृदयरोग्याला पेटीतील वाफेने चक्कर येऊ शकते. पंचकर्मच करायचे झाल्यास रास्ता पेठेतील ताराचंद रामनाथ रुग्णालयासारख्या, आयुर्वेद महाविद्यालयाशी जोडलेल्या ठिकाणी आधी वैद्यांकडून तपासणी करून घ्यावी. केवळ 'केरळीय' अशी पाटी पाहून आत शिरू नये.

तालमीतला :
आमच्याकडे कुस्तीनंतर जी रगडून मालिश होते, ती तरण्या अंगासाठी असते. तिचे कौतुक ऐकून घरातील वडीलधाऱ्यांवर प्रयोग करू नयेत. केशकर्तनालयात चंपी झाल्यावर मान कडकन मोडण्याची जी पद्धत आहे, तीही कोणीच करून घेऊ नये, कारण त्या झटक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत.

कोथरूडची सून :
डॉपलर करायला आम्ही लगेच निघत आहोत. तपासणीत काही निघाले नाही, तर मावशींना बोलावता येईल का?

भौतिकोपचार_पुणे :
हृदयरोगतज्ज्ञांनी होकार दिल्यास बोलावता येईल. मावशींना गोळ्यांची आणि हाडांची कल्पना आधी द्यावी. नवजात बाळाला लावतात तितक्याच हलक्या हाताने खांदे, पाठ आणि हात यांना तेल लावावे, पाठीच्या कण्यावर दाब देऊ नये आणि तेल किती कोमट आहे ते दुसऱ्या कोणीतरी मनगटावर पाहावे. ताप असेल, कातडीवर जखम किंवा पुरळ असेल, त्या दिवशी मालिश टाळावी. आखडलेल्या मानेला खरा उतार व्यायामानेच पडेल, म्हणून नोंदणीकृत भौतिकोपचारतज्ज्ञांकडून तो शिकून घ्यावा. डाग पडतात म्हणून स्टेंटच्या गोळ्या मात्र परस्पर बंद करू नयेत.