लॅकॉकची जुनी घरे आणि जपणुकीचे नियम: कडक असावेत की सैल?

धागाकर्ता:
इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यातील लॅकॉक हे चार रस्त्यांचे छोटे गाव. 1944 साली मटिल्डा टॉल्बट यांनी ॲबीसह (जुन्या मठासह) जवळजवळ सगळे गाव नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या स्वाधीन केले, आणि तेव्हापासून तिथल्या बहुतेक घरांत ट्रस्टचे भाडेकरू राहत आले आहेत. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी मंडळींत अशा गावांचा विषय निघाला, की संरक्षित वास्तूंचे नियम जाचक असून ते सैल करावेत, असा सूर हमखास लागतो. मला तो मुळीच पटत नाही.

ही घरे आतून कशी चालतात हे पाहिल्याशिवाय या विषयावर बोलणे व्यर्थ आहे. ओक लाकडाचा सांगाडा, त्याच्या चौकटींत काठ्या विणून मातीने लिंपलेला कूड आणि वर चुन्याचा गिलावा, अशी भिंत पावसाचे थोडे पाणी शोषते आणि वारा सुटला की ते बाहेर टाकते. त्यावर कोणी सिमेंटचा गिलावा चढवला, तर पहिली काही वर्षे भिंत नवी कोरी दिसते. मग केसाएवढी चीर पडते, तिच्यातून पाणी आत जाते, पण सिमेंट त्याला बाहेर पडू देत नाही. ते खाली उतरून सांगाड्याच्या तळाच्या आडव्या लाकडात मुरते, आणि ज्या लाकडाने चार-पाच शतके काढली ते हाताने कुस्करता येईल इतके मऊ होते. दगडी घरांतही तेच घडते. सांध्यांत दगडापेक्षा कठीण सिमेंट भरले, की पाणी दगडातूनच वाट काढते आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. जुन्या वास्तू नव्यासारख्या करण्यापेक्षा त्यांची वेळच्या वेळी डागडुजी करा, असा आग्रह इंग्रज कलावंत व लेखक विल्यम मॉरिस यांनी 1877 मध्ये संस्था स्थापून धरला होता. आजचे नियम तोच आग्रह कायद्याच्या बळावर टिकवतात, म्हणून ते सैल होऊ नयेत.

प्रतिसाद 1:
सिमेंटबद्दल आपण लिहिले ते सर्व मान्य, परंतु आपला निष्कर्ष मला मान्य नाही. इंग्लंडमधील संरक्षित वास्तूंपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक दुसऱ्या, म्हणजे सर्वांत खालच्या श्रेणीतल्या आहेत, आणि त्यांत बरीचशी साधी राहती घरे आहेत. तरीही वास्तूच्या वैशिष्ट्याला बाधा येईल असा कोणताही बदल, मग तो घराच्या आतला का असेना, स्थानिक पालिकेच्या संमतीविना केला तर तो फौजदारी गुन्हा ठरतो. जानेवारीत एकेरी काचेच्या खिडकीशेजारी तान्हे मूल निजवणाऱ्या आईला आपण मॉरिस यांचे तत्त्व सांगणार आहात काय?

शिवाय ही घरे मुळात बदलतच जगली आहेत. ग्लॉस्टरशायरमधील बायबरी गावातली आर्लिंग्टन रो ही घरांची रांग पाहा. ती 1380 च्या सुमारास मठाचे लोकरीचे कोठार म्हणून उभी राहिली, आणि सतराव्या शतकात तिच्यात भिंती घालून विणकरांची घरे केली गेली. आजचा कायदा तेव्हा असता, तर ज्या रांगेची छायाचित्रे जगभर जातात ती घरे झालीच नसती.

प्रतिसाद 2:
दोघांनीही पैशाचा मुद्दा सोडला आहे. ब्रिटनमध्ये नवे घर बांधले तर मूल्यवर्धित कर शून्य, आणि जुने दुरुस्त केले तर साधारणपणे 20 टक्के. संमती घेऊन केलेल्या फेरफारांना पूर्वी सूट होती, तीही ऑक्टोबर 2012 पासून गेली. त्यातच गवती छपराचे घर असेल, तर शाकारणीला बऱ्याचदा लांब दांड्याचा गहू लागतो. आजचे कंबाइन यंत्र दांडा मोडून टाकते, म्हणून ते पीक जुन्या बाइंडरने (कापून पेंढ्या बांधणाऱ्या यंत्राने) कापावे लागते आणि पेंढा महाग पडतो. सरकारने दुरुस्तीवरचा कर आधी उतरवावा. नियमांचा वाद त्यानंतर करू.

धागाकर्ता:
कराबाबत पूर्ण सहमत. आर्लिंग्टन रोचा दाखला वजनदार आहे, पण तो बदल दगड, चुना आणि लाकूड या मूळच्याच सामग्रीत झाला होता. माझा विरोध बदलाला नाही, ज्याची भरपाई पुढे करता येत नाही अशा बदलाला आहे. खिडकीच्या आतल्या बाजूने काचेची दुसरी चौकट बसवता येते, लाकडी झडपा लावता येतात, फटी बुजवता येतात. यांनी थंडी पुष्कळ अडते आणि उद्या ते सारे काढूनही टाकता येते. मूळ चौकट उपटून प्लास्टिकची बसवली, तर फुंकून घडवलेली ती लहरदार काच कायमची गेली.

प्रतिसाद 1:
मग आपले अंतर वाटले तितके नाही. माझे म्हणणे इतकेच, की अशा निरुपद्रवी कामांसाठी प्रत्येक घरमालकाला स्वतंत्र अर्ज का करावा लागावा? लंडनमधील केन्सिंग्टन अँड चेल्सी बरोच्या पालिकेने 2022 मध्ये बहुतेक संरक्षित घरांवरील सौर पटलांना अटींसह सरसकट संमती दिली. विल्टशायरच्या खेड्यांतील खिडक्यांसाठी असाच आदेश काढायला आपली हरकत असेल, तर ती कोणत्या कारणासाठी, हे आपण सांगावे.