चर्चा: पगारातील कपात पत्करून सॉफ्टवेअरमधून वित्तक्षेत्रात जावे काय?

घोडबंदरकर:
मी नऊ वर्षे जावामध्ये बॅकएंडचे काम करीत असून ठाण्यात राहतो आणि सध्या ऐरोलीत नोकरीस आहे. वार्षिक पगार २४ लाख, हातात महिना दीड लाखाच्या आसपास. वांद्रे-कुर्ला संकुलातील एका बिगर-बँक वित्तसंस्थेने लघुउद्योगांच्या कर्जप्रस्तावांची छाननी करणाऱ्या विभागात १५ लाखांवर बोलावले आहे. सीएफए या वित्त-विश्लेषकांच्या परीक्षेची पहिली पातळी मी गेल्या वर्षी उत्तीर्ण झालो. घराचे ६० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले असून हप्ता सुमारे ५२ हजार आहे. पत्नीही नोकरी करते. माझा कल जाण्याकडे आहे, कारण कोणाचा कर्जाचा अर्ज नामंजूर व्हावा हे दुसरे कोणी ठरवतो आणि मी ते केवळ कोडच्या इफ-एल्स अटींमध्ये उतरवतो, याचा मला आता कंटाळा आला आहे.

जमाखर्च:
कंटाळा खरा असेल, पण हिशेब मांडून पाहा. हातात येणारी रक्कम जवळपास ५० हजारांनी घटेल, म्हणजे आपल्या घराचा एक हप्ताच दर महिन्याला नाहीसा होईल. शिवाय कर्ज रेपो दराशी (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते त्याच्याशी) जोडलेले असेल तर व्याज वाढताच हप्ता किंवा मुदतही वाढते. २०१८ साली आयएल अँड एफएस या बड्या वित्तसंस्थेने आपल्या कर्जांची परतफेड चुकवली, तेव्हा अनेक बिगर-बँक वित्तसंस्थांना पैसा उभारणे जड गेले होते. नवा माणूस अशा वेळी सर्वांत आधी अडचणीत येतो. सध्याच्या कंपनीत आपली किती वर्षे झाली?

घोडबंदरकर:
चार वर्षे चार महिने.

जमाखर्च:
मग घाई कशाची? पाच वर्षे पूर्ण झाली की ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेचा, हक्क मिळतो. त्यासाठी धरले जाणारे महिन्याचे वेतन ८० हजार असेल तर ८० हजार भागिले २६, गुणिले १५ दिवस, गुणिले पाच वर्षे, असे सुमारे २ लाख ३० हजार होतात. आठ महिन्यांसाठी ते सोडणे मला पटत नाही.

वागळे इस्टेट:
मी सहकारी बँकेच्या कर्जविभागातून निवृत्त झालो आहे आणि जमाखर्च यांच्याशी असहमत आहे. ग्रॅच्युइटी एकदाच मिळते, कपात मात्र जितकी उशिरा घ्याल तितकी मोठी होत जाते, कारण सॉफ्टवेअरमधला पगार दरवर्षी वाढतो आणि वित्तक्षेत्र आपल्याला तेव्हाही नवशिकाच समजेल. मात्र कामाविषयी भ्रम नसावा. रबाळ्याच्या एखाद्या कारखानदाराचा ताळेबंद, जीएसटी विवरणपत्रे आणि बँक स्टेटमेंट समोरासमोर ठेवून विक्रीचे आकडे का जुळत नाहीत हे शोधणे, स्टॉक स्टेटमेंटमधला माल गोदामात खरोखर आहे का ते जाऊन पाहणे, आणि मग समितीसमोर आपल्या टिपणातील प्रत्येक वाक्याचे उत्तर देणे, असे हे काम आहे. (मार्चअखेरीस घरी जेवायला पोहोचण्याची आशा धरू नये.) आकड्यामागचा माणूस ओळखण्याची आवड असेल तरच यात रस टिकतो.

ट्रान्सहार्बर:
प्रवासाचा विचार कोणी केलाच नाही. ठाण्याहून ऐरोली दुसरे स्थानक आहे. नव्या नोकरीसाठी मात्र जलद लोकलने कुर्ला आणि पुढे बस किंवा रिक्षा.

जमाखर्च:
काकांचे वर्णन वाचून माझा मुद्दा पक्काच झाला. हीच कौशल्ये सध्याच्या नोकरीत राहून शिकता येतील: कर्जप्रणालीचे नियम ठरवणाऱ्या विभागात अंतर्गत बदली मागावी.

घोडबंदरकर:
ती दोनदा मागितली. दोन्ही वेळा 'प्रकल्प संपू द्या' असे उत्तर मिळाले. सीएफएच्या सनदेसाठी किमान ३६ महिन्यांत ४,००० तासांचा संबंधित अनुभव लागतो आणि तो कोडमधून मोजून घेण्यापेक्षा प्रत्यक्ष छाननीतून मिळवणे मला सरळ वाटते. ग्रॅच्युइटीचा मुद्दा मात्र मान्य आहे. उद्या त्या संस्थेकडे रुजू होण्यासाठी आठ महिने मागतो. त्यांनी तीनच दिले तर २ लाख ३० हजार सोडून जाईन, आणि त्याबद्दल पत्नीशी आज रात्री बोलायचे आहे.