चेंबर खोलण्याआधी वरून बघा

चेंबरखाली (म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या भांड्याखाली) तेल दिसतंय म्हणून लगेच चेंबरचं पॅकिंग बदलायला सांगणाऱ्यांशी मी सहमत नाही. तेल वरून ओघळतं, चालत्या गाडीत वाऱ्याने मागे पसरतं आणि सगळ्यात खालच्या बोल्टवर थेंब धरतं. माझ्या १९९८ च्या डिझेल जीपचं पॅकिंग मेकॅनिकने दोनदा बदललं, पैसे गेले, थेंब तिथेच!

शेवटी थंड इंजिन डिझेल-ब्रशने धुऊन कोरडं केलं आणि संशयाच्या जागांवर टाल्कम पावडर भुरभुरली. दहा मिनिटं जागेवरच चालू ठेवून बंद केलं, मग टॉर्च मारला. ऑइल प्रेशर स्विचपासून खाली बारीक काळी रेघ! स्विच बदलला, काम झालं.

रात्री खाली पुठ्ठा टाका, पुढच्या चाकांच्या जागांवर खूण करून ठेवा, म्हणजे थेंब कुठून पडला ते कळेल. पुठ्ठ्यावर पडलेलं काळं-तपकिरी असेल तर बहुधा इंजिन ऑइल. हिरवट किंवा गुलाबी आणि गोडसर वासाचं असेल तर कूलंट. चाकाच्या आतून पातळ, फिकट पिवळसर ओल दिसली तर ब्रेक ऑइल समजा आणि गाडी हलवूच नका.

तेवढा ब्रीदरचा (इंजिनातली वाफ आणि दाब बाहेर काढणारा) पाइपही बघा. तो तुंबला की आत दाब वाढून नवीन सीलसुद्धा गळतं.