म्हणे कन्स्ट्रेंट काढून टाका!

मांडवीकाठ: काल इथे एकाने लिहिलं, "व्हॅलिडेशन, म्हणजे माहितीची तपासणी, सगळं कोडमध्ये करा, कन्स्ट्रेंट काढून टाका, डेटाबेस म्हणजे नुसतं गोदाम." कन्स्ट्रेंट म्हणजे चुकीची नोंद डेटाबेसनेच अडवायचा नियम, तोच काढायचा म्हणे! तेव्हापासून डोकं उठलंय. कळंगुटच्या एका गेस्टहाऊसचं बुकिंग मी केलेलं. कोड आधी खोली रिकामी आहे का बघायचा, मग नोंद टाकायचा. ३१ डिसेंबरसाठी दोन विनंत्या एकदमच आल्या, दोघींनाही खोली रिकामीच दिसली. त्या रात्री दारात दोन कुटुंबं आणि किल्ली एक! पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट २०१० पासून आहे, तारखांची 'पासून-पर्यंत' रेंज २०१२ पासून. त्याच खोलीच्या तारखा एकमेकींवर चढल्या की दुसरी नोंद डेटाबेसच परतवतो. चार ओळींचं काम. मी ते शिव्या खाल्ल्यावर केलं.

काजूबोंड: तो 'एकाने' म्हणजे मीच. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये चेक, म्हणजे मूल्य तपासणारा कन्स्ट्रेंट, लिहा, ८.०.१६ ही आवृत्ती येईपर्यंत, म्हणजे २०१९ पर्यंत, ते मुकाट गिळून टाकायचं, तपासायचंच नाही. असल्या राखणदारापुढे कशाला नारळ ठेवायचा?

मांडवीकाठ: शेजारचा राखणदार झोपला म्हणून आपण दार उघडं टाकायचं? युजरला नीट संदेश कोडने द्यावा, नाही कोण म्हणतो. दोन्ही ठेव.

डिचोलीकर: माझं गाऱ्हाणं वेगळंच. एका फॉर्मात गावांच्या टेबलाला फॉरेन की लावलीय, म्हणजे त्या टेबलात असलेलंच नाव चालतं, आणि टेबलात डिचोलीच नाही! तिथे ती 'बिचोलिम' म्हणून शोधायची. आईचा अर्ज तीनदा परत आला.

पाणवठा: पोर्तुगीज १९६१ ला गेले, स्पेलिंगं ठेवून गेले.

काजूबोंड: बघा! म्हणून मोकळा मजकूर बरा.

डिचोलीकर: बरा? पणजी, पणजीम, पंजिम, मधे एक स्पेस जास्त. असला डेटा मी दोन आठवडे निवडत बसलो होतो, तांदळातले खडे काढावेत तसा. फॉरेन कीचा काय दोष? टेबल भरणाऱ्याचा आहे. गावाला एक क्रमांक द्या, नावं वेगळ्या टेबलात हवी तेवढी ठेवा.

पाणवठा: आणि पडद्यावर आधी कुठलं दाखवणार? मराठी की कोंकणी?

डिचोलीकर: गोव्याचा १९८७ चा राजभाषा कायदा, तो मराठी-कोंकणी वाद, इथे उकरू नकोस हां!

पाणवठा: का, दुखलं? प्रश्न तुझ्याच टेबलाचा आहे.

मांडवीकाठ: अरे, मी खोल्यांबद्दल बोलत होतो.

काजूबोंड: बरं बाबा, खोल्यांपुरतं मान्य. पण बीट्री-जिस्ट एक्स्टेन्शन, म्हणजे त्या कन्स्ट्रेंटला लागणारी पोस्टग्रेसची पुरवणी, आधी चढवावी लागते, ती तुझ्या चार ओळींत धरलीस का?

मांडवीकाठ: पाच ओळी.