स्लीप, हायबरनेट, वेक, रिझ्युम : तक्रार मराठीत कशी लिहायची?

हिशेबनीस, अक्कलकोट रोड
आमच्या टॉवेल कारखान्याच्या ऑफिसातला डेस्कटॉप दुरुस्तीला द्यायचाय. मालकांचा आग्रह आहे की तक्रार कागदावर आणि मराठीत लिहून द्यायची. नुसतं तोंडी सांगितलं की "चेक केलं, काही प्रॉब्लेम नाही" म्हणून मशीन परत येतं, हा अनुभव आहे. मी लिहिलं, "संगणक निद्रावस्थेतून पूर्ववत कार्यान्वित होत नाही." मालक म्हणाले, हे काय कोर्टाचं समन्स आहे का? मग लिहिलं, "स्लीपमधून रिझ्युम होत नाही." तर म्हणाले, यात मराठी किती? या चार शब्दांना बोलण्यातले शब्द सुचवा. कोशातले मला पण सापडतात.

निवृत्त शिक्षिका
कोशातल्या शब्दांवर राग नको. 'सुप्त' हा चांगला शब्द आहे. जे आहे पण दिसत नाही ते सुप्त. सुप्त गुण म्हणतो, बियाण्याची सुप्तावस्था म्हणतो. पाठ्यपुस्तकात तो शोभेल. पण त्याचं क्रियापद होत नाही. 'संगणक सुप्तावला' असं कुणी म्हणणार नाही. दरवेळी 'अवस्थेत जाणे', 'अवस्थेतून येणे' अशी शेपटं जोडावी लागतात आणि वाक्य समन्ससारखं होतं.

'झोप' घ्या. झोपला, झोपवला, झोपू देत नाही, झोपमोड झाली. शिवाय मराठीचं ते खास 'एना' : झोपेना, उठेना. 'झोपत नाही' ही नुसती माहिती झाली. 'झोपेना' म्हटलं की आपण प्रयत्न केले आणि त्यानं दाद दिली नाही, हे एका शब्दात आलं. तक्रारीला याहून नेमकं रूप मिळणार नाही.

अशोक चौक
बाई, जागृती, स्वप्न, सुषुप्ती म्हणजे गाढ झोप, आणि तिच्याही पलीकडचं तुरीय अशा चार अवस्था मांडूक्य उपनिषदात तयारच आहेत की. स्लीपला स्वप्न, हायबरनेटला सुषुप्ती. रिझ्युम झालं नाही तर तुरीय.

दुरुस्तीवाला, नवी पेठ
अण्णा, चारात भागत नाही. पीसीच्या झोपण्या-उठण्याचं एसीपीआय नावाचं जे मानक इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबानं १९९६ ला आणलं, त्यात एस-० ते एस-५ अशा सहा अवस्था आहेत. एस-० म्हणजे टक्क जागा. एस-१ म्हणजे नुसता आडवा झालेला, डोळा लागलेला नाही. पंखे फिरतच असतात. एस-२ बोर्डांवर, म्हणजे मदरबोर्डांवर, जवळजवळ दिसत नाही. एस-३ ही खरी झोप. एस-४ हायबरनेट. एस-५ म्हणजे बंद, तरी एसएमपीएसमधून, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यातून, थोडा करंट बोर्डावर असतोच.

बाईंचं 'एना' मात्र मी उचलतो. गिऱ्हाईक येतं आणि "स्लीपचा प्रॉब्लेम आहे" एवढंच सांगतं. त्यातून आम्हाला काही कळत नाही. क्रियापद बरोबर सांगितलं तर कुठं बघायचं ते निम्मं तिथंच ठरतं.

'झोपेना' : वेळ उलटली तरी आपणहून झोपत नाही. इथं बोर्ड बहुतेक निर्दोष असतो. कुणीतरी त्याला जागं ठेवलेलं असतं. चालू राहिलेला व्हिडिओ, नेटवर्कवरून कुणी उघडलेली फाइल, नाहीतर एखादा साउंडचा ड्रायव्हर. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा, 'पॉवरसीएफजी' लिहून पुढं स्लॅश आणि 'रिक्वेस्ट्स' टाकायचं. कोण जागं ठेवतंय त्याचं नाव येतं.

'मधेच उठतो' : याची कारणं वेगळी. माउस, लॅन कार्ड, नाहीतर अपडेटनं लावून ठेवलेला गजर. त्याच कमांडला 'लास्टवेक' जोडलं की शेवटी कुणी उठवलं ते कळतं. सोलापूरच्या पूर्व भागात एका घरात खाली यंत्रमाग आणि वर ऑफिस होतं. माग चालू झाले की टेबल थरथरायचं, माउस हलायचा आणि पीसी रात्रभर उठून बसायचा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसची उठवायची परवानगी काढली, कीबोर्डची ठेवली, भागलं. लॅन कार्डाला नुसत्या मॅजिक पॅकेटवरच, म्हणजे मुद्दाम उठवायला पाठवलेल्या संदेशावरच, उठायला सांगता येतं.

'उठेना' हा शब्द मात्र नुसता लिहू नका. त्यात तीन आजार लपलेत, खाली लिहितो. आत्ता गिऱ्हाईक आलंय.

पंढरपूरकर
मला 'झोप' पुरेसा वाटत नाही, कारण स्लीप आणि हायबरनेट दोन्ही झोपाच होतात. आपल्याकडं वारीत दोन वेगळे शब्द आहेत : विसावा आणि मुक्काम. विसाव्याला पालखी थोडा वेळ टेकते, पताका खांद्यावरच असतात, हाक आली की निघायचं. मुक्कामाला सामान उतरतं, तंबू पडतात, सकाळी सगळं परत बांधायचं. स्लीपमध्ये सगळं काम रॅममध्येच राहतं म्हणून लगेच निघता येतं. हायबरनेटमध्ये ते डिस्कवर उतरवून ठेवतात म्हणून उठायला वेळ लागतो. स्लीप म्हणजे विसावा, हायबरनेट म्हणजे मुक्काम.

निवृत्त शिक्षिका
हे मला फार आवडलं. हायबरनेटला 'शीतनिद्रा' म्हणण्यापेक्षा कितीतरी बरं. सोलापूरच्या मे महिन्यात कसली शीतनिद्रा! पण 'पीसी विसावला' म्हटलं की लोकांना तो रिटायर झाल्यासारखं वाटेल. समजावून सांगायला विसावा-मुक्काम आणि तक्रारीला झोप, असं चालेल का?

दुरुस्तीवाला, नवी पेठ
चालेल. आणि या दोन शब्दांत लाइट जाण्याचा मुद्दा पण बसतो. विसाव्यात असताना लाइट गेली की रॅममधलं सगळं जातं. मुक्कामात असताना गेली तरी काही बिघडत नाही, डिस्कवर उतरवलेलं जागेवरच असतं. व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, विंडोजमध्ये हायब्रिड स्लीप आहे. ते चालू असेल तर काम दोन्हीकडं ठेवलं जातं. लाइट टिकली तर रॅममधून उठतो, गेली तर डिस्कवरून. ज्यांच्याकडं यूपीएसची बॅटरी मेलीय त्यांनी ते चालू आहे का बघावं.

आता 'उठेना'.

एक, बटण दाबलं तरी पंखासुद्धा फिरत नाही. हा खरा 'उठेना'. कीबोर्डनं उठत नसेल आणि कॅबिनेटच्या बटणानं उठत असेल तर मात्र बोर्डावर संशय घेऊ नका. ती परवानगीची भानगड आहे, नाहीतर त्या यूएसबी पोर्टला झोपेत करंट मिळत नाही. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या मूळ प्रोग्रॅममध्ये, ईआरपी नावाची सेटिंग चालू असेल तर बंद असताना आणि बऱ्याच बोर्डांवर हायबरनेटमध्ये पण तो एस-५ मधला थोडा करंट तोडला जातो. मग कीबोर्डनं आणि लॅननं उठायचं बंद. वीज वाचवायचीच ती सेटिंग आहे, बिघाड नाही.

दोन, उठतो पण सगळं विसरून उठतो. विंडोज पहिल्यापासून सुरू होते, उघडी एक्सेल गायब. एस-३ मध्ये एसएमपीएसच्या बाकी सगळ्या लाइनी बंद असतात. फक्त जांभळ्या वायरमधले ५ व्होल्ट, ज्याला स्टँडबाय म्हणतात, ते रॅमला तगवून ठेवतात. एसएमपीएस जुना झाला, आतले कपॅसिटर सुकले की हे ५ व्होल्ट लटपटतात आणि रॅम सगळं सोडून देते. दिवसा मशीन मस्त चालतं म्हणून कुणाला एसएमपीएसचा संशयच येत नाही. इथं लोक हमखास बायोसचा सेल बदलतात. तो ३ व्होल्टचा सेल घड्याळ आणि बायोसच्या सेटिंगसाठी आहे, झोपेतली रॅम त्याच्यावर जगत नाही.

तीन, उठतो पण भानावर येत नाही. पंखे जोरात, स्क्रीन काळी. उठणं दोन टप्प्यांत होतं. आधी बोर्ड उठतो : बायोस रॅमला हलवून जागी करतो आणि झोपण्याआधी ऑपरेटिंग सिस्टीमनं जो पत्ता लिहून ठेवलेला असतो तिथं कारभार सोपवतो. मग सिस्टीम आपले ड्रायव्हर एकेक उठवते. कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो? मग तो भानावर आहे, नुसते डोळे उघडले नाहीत. ग्राफिक्सचा ड्रायव्हर, केबल, मॉनिटर बघायचा. दिवा ढिम्म हलत नाही? मग बहुतेक पहिल्याच टप्प्यात अडकलाय. रॅमचा एक्सएमपी, म्हणजे जादा वेगाची सेटिंग, बंद करून बघायचा, बायोसचं नवीन व्हर्जन आहे का बघायचं. यूपीएसशिवाय बायोस अपडेट करू नका, मधेच लाइट गेली तर बोर्डच झोपेल, कायमचा.

निवृत्त शिक्षिका
म्हणजे 'वेक'ला 'उठणे' आणि 'रिझ्युम'ला 'भानावर येणे'! दोन इंग्रजी शब्द आपण एकाच अर्थानं वापरत होतो आणि मराठीत ते वेगळे निघाले. आणखी एक सुचवते. मासिकांत पानाच्या तळाशी 'पुढे चालू' लिहितात. जिथं थांबलं तिथूनच पुढे. 'कार्यान्वित'ऐवजी तेच लिहावं.

अशोक चौक
रिझ्युम हा शब्द गेलेलाच बरा. माझा भाऊ दुकानात "रिझ्युम होत नाही" म्हणाला तर समोरच्यानं नोकरीचा अर्ज टाइप करायचाय का विचारलं.

हिशेबनीस, अक्कलकोट रोड
आज करून बघितलं. पंखा फिरतो, स्क्रीन काळी, कॅप्स लॉकचा दिवा लागत नाही. वीजपुरवठ्याचा संबंध नाही, स्लीप दिल्यावर लगेच उठवलं तरी तेच. असं लिहिलंय : "पीसी नीट झोपतो. उठवल्यावर पंखे फिरतात पण भानावर येत नाही. कॅप्स लॉकचा दिवा लागत नाही. बटण दाबून धरून बंद करावा लागतो आणि अर्धं राहिलेलं काम पुढे चालू होत नाही." मालकांनी सही केली.

दुरुस्तीवाला, नवी पेठ
हे असं लिहून आणणारं गिऱ्हाईक असेल तर चहा माझ्याकडून. रॅम कधी वाढवली होती का, दोन वेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्या आहेत का, तेवढं खाली लिहा. मॉनिटर आणू नका, नुसता सीपीयू आणा.

निवृत्त शिक्षिका
सीपीयू म्हणजे आतली ती चिप ना? अख्ख्या डब्याला सीपीयू कसं म्हणता?

दुरुस्तीवाला, नवी पेठ
बाई, त्याचा वेगळा धागा काढा. दुकानात चार 'सीपीयू' उघडे पडलेत.