.३०८ ला कुठली गोळी? (हरीण + रानडुक्कर, टेक्सास)

टेक्सासकर: नोव्हेंबरात मित्राच्या रँचवर जायचंय. नवी .३०८ कॅलिबरची रायफल, बोल्ट अ‍ॅक्शन आहे. व्हाइटटेल हरीण आणि रानडुक्कर, अंतर १५० यार्डांच्या आत. पुढेमागे कोलोरॅडोत एल्क (खूप मोठं हरीण). तिन्हीला एकच गोळी चालेल का? वीसचा डबा ३५ डॉलरच्या वर नको.

डेन्व्हरवाला: बार्न्स कंपनीची टीटीएसएक्स, तांब्याची, वजन १६५ ग्रेन. पन्नासच्या आसपास पडेल, पण एल्कचा खांदा फोडून पलीकडे जाते. मी दुसरं काही भरतच नाही.

टेक्सासकर: ३५ म्हणालो होतो 🙂

खडकीकर: आमच्या आजोबांची बारा बोर होती. शक्तिमानचं एलजी (जाड छऱ्यांचं) काडतूस घातलं की डुक्कर जागच्या जागी. ग्रेनबिन कोण मोजत होतं!

मुळामुठा: १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा माहीत आहे ना आजोबांना?

खडकीकर: त्याच्या आधीचं सांगतोय. रीतसर परवाना होता, उगाच नको तिथे नाक खुपसू नका.

ह्यूस्टनची वहिनी: भांडा तुम्ही. टेक्सासकर, हरणाला १५० ग्रेनची साधी सॉफ्ट पॉइंट (टोकाला उघडं शिसं, आत जाऊन फुलते) भरपूर झाली. रेमिंग्टनची तसलीच कोर-लोक्ट १९३९ पासून विकली जातेय, ती काय उगाच? खांद्याच्या जरा मागे, फुप्फुसात बसली पाहिजे. डुकराचं मात्र वेगळं. जुन्या नराच्या खांद्यावर कातडीखाली चिवट ढाल असते. व्हार्मिंट लिहिलेली गोळी कायोटीसाठी असते, ती तिथे वरच्यावरच फुटते. जखमी डुक्कर रात्री झाडीत शोधायची वेळ आमच्या ह्यांच्यावर आली होती, अजून ऐकवतात.

रेंजवरचा: एफएमजे (धातूच्या कवचाची) घ्या, निम्म्या पैशात. माझं डुक्कर मेलं की त्यानं.

डेन्व्हरवाला: मेलं असेल, पण किती लांब जाऊन? ती फुलत नाही, बारीक भोक पाडून आरपार जाते. आणि कोलोरॅडोत बेकायदा. तिथे फुलणारीच लागते, एल्कला किमान ८५ ग्रेन. म्हणून म्हणतो, तांब्याची घे.

बे एरिया: तांब्याचीच घ्या. आमच्याकडे कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिसं बंदच आहे. शिशाचे बारीक कण जखमेपासून बरेच लांब मांसात जातात. घरात लहान मुलं खाणार असतील तर पंधरा डॉलरकडे बघू नका.

एचवन_ग्रस्त: कोणी विचारलं नाही म्हणून मी विचारतो. व्हिसा कुठला? एच-वनवर असाल तर शिकारीचं लायसन्स काढल्याशिवाय रायफल काय, गोळीसुद्धा जवळ ठेवणं फेडरल गुन्हा आहे. टेक्सासात खाजगी जमिनीवर डुकराला २०१९ पासून लायसन्स लागत नाही, त्यावर विसंबू नका. ते राज्यापुरतं.

रेंजवरचा: ग्रीन कार्डला लागू नाही हे.

एचवन_ग्रस्त: नाहीच. मिळालंय कुणाला?

ह्यूस्टनची वहिनी: अजून एक. दोन-तीन कंपन्यांचा एकेक डबा घेऊन रेंजवर जा. वजन सारखं असलं तरी प्रत्येक रायफलला वेगळीच गोळी मानवते.

खडकीकर: तीन डबे म्हणजे झाले शंभर डॉलर. बारा बोरला ही कटकट नव्हती.

टेक्सासकर: सगळ्यांचे आभार. एच-वनच आहे, लायसन्स रायफल घ्यायच्या आधीच काढलं होतं. १८० ग्रेन सॉफ्ट पॉइंटचे दोन डबे उचलले, सेलमध्ये ५२ ला दोन.

डेन्व्हरवाला: १८०? इथे कोणी म्हणालं तरी का १८०?

टेक्सासकर: नाही. पण एल्कलाही होईल.

ह्यूस्टनची वहिनी: असू दे, डुकराला वाईट नाही. १५० ग्रेनच्या गोळीवर झीरो केली (नेम जुळवला) असशील तर पुन्हा जुळव, १८० ची खाली लागेल.