हायवेला एसी गारेगार, सिग्नलला थांबलं की कोमट हवा

सोलापूरची_चालक:
गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, १.२ लिटर, ९२,००० किमी झालेत. हायवेला ८० च्या स्पीडला एसी इतका गार की ब्लोअर एकवर आणावा लागतो. शहरात शिरून दोन सिग्नल लागले की तीन-चार मिनिटांत हवा कोमट. नेमकं तेव्हाच बॉनेटखालून ‘टक्’ आवाज येतो आणि इंजिन हलकं झाल्यासारखं वाटतं. गाडी पळाली की पुन्हा गार. टेंपरेचरचा काटा कायम अर्ध्याच्या खाली. वारा कमी होत नाही, केबिन फिल्टर मार्चमध्येच बदललाय. गॅस कमी आहे म्हणून गॅरेजमध्ये गेल्या महिन्यात अंदाजाने वरून थोडा गॅस मारला, तेव्हापासून त्रास वाढलाय. आता कॉम्प्रेसर बदला म्हणतात. त्याआधी काय तपासू?

गेजवाला:
ताई, कॉम्प्रेसरला इतक्यात हात लावू देऊ नका. हायवेला जो केबिन गारठवतो तो कॉम्प्रेसर पंप म्हणून ठीक आहे. ही लक्षणं कंडेन्सरची (रेडिएटरपुढचा, गॅस थंड करून द्रव करणारा भाग) उष्णता बाहेर न जाण्याची आहेत. पळत्या गाडीत समोरचा वारा कंडेन्सर थंड ठेवतो, उभ्या गाडीत ते काम एकट्या पंख्याचं. पंखा फिरला नाही की आतला गॅस नीट द्रव होत नाही, हाय साइडचा (कॉम्प्रेसरनंतरच्या बाजूचा) दाब चढत जातो आणि ४५० पीएसआयच्या आसपास प्रेशर स्विच कॉम्प्रेसरचा क्लच (त्याला इंजिनच्या पट्ट्याशी जोडणारा, पायातला नव्हे) सोडायला लावतो. तुमचा ‘टक्’ तोच असणार.

काटा चढत नाही म्हणजे पंखा चांगला, असं मात्र धरू नका. बऱ्याच गाड्यांत रेडिएटरचा पंखा वेगळा आणि कंडेन्सरचा वेगळा असतो. जिथे एकच असतो तिथे त्याचा कमी वेग बहुधा रेझिस्टरमधून (करंट कमी करणारा भाग) चालतो. रेझिस्टर जळला की एसी लावल्यावर पंखा हलतच नाही, इंजिन पुरेसं तापलं की मात्र जोरात सुटतो. त्यामुळे इंजिन वाचतं आणि एसी मरतो.

घरीच करून बघा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढून, एसी फुल, ब्लोअर चारवर, बॉनेट उघडं. कॉम्प्रेसरचा क्लच लागला की कंडेन्सरचा पंखा लगेच किंवा थोड्या वेळात फिरायला हवा. ओढणी, हात लांब ठेवा, पंखा न सांगता सुरू होतो. हवा कोमट व्हायला लागली की पुढच्या जाळीतून कंडेन्सरवर दीड-दोन लिटर साधं पाणी बाटलीने सावकाश ओता, पंख्याच्या मोटरवर आणि कनेक्टरवर न उडवता. मिनिटाभरात आतली हवा पुन्हा गार झाली तर दोष कंडेन्सर थंड न होण्यातच आहे.

मग पंख्याचा फ्यूज आणि रिले (विजेने चालणारा स्विच). फ्यूजबॉक्समध्ये बहुधा त्याच नंबरचा दुसरा रिले असतो, अदलाबदल करून बघा. तेवढ्याने भागलं नाही तर कनेक्टर काढून, मध्ये २० अँपिअरचा फ्यूज घालून, बॅटरीवरून मोटरला थेट सप्लाय द्यायचा. हे काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

वायरमन_सांगली:
वरच्याशी सहमत. फक्त क्लचचा दोष वेगळा काढायला हवा, कारण ‘टक्’ तिथूनही येतो. क्लच प्लेट आणि पुली यांत साधारण ०.३ ते ०.६ मिमी फट असते. प्लेट झिजून फट वाढली की थंड इंजिनवर क्लच लागतो, पण प्लेट ओढणारी चुंबकी कॉइल तापल्यावर तिचा रेझिस्टन्स वाढतो, ओढ कमी पडते आणि प्लेट सुटते. हवा कोमट असतानाच क्लचच्या वायरवर मल्टिमीटर लावा. १२ व्होल्टच्या वर दिसतायत आणि प्लेट फिरत नाही, तर क्लच बिघडलाय. बऱ्याच क्लचमध्ये एक शिम (पातळ चकती) काढून फट कमी करता येते, कॉम्प्रेसर बदलावा लागत नाही. व्होल्टेजच नसेल तर प्रेशर स्विच किंवा ईसीयूने (इंजिनच्या कॉम्प्युटरने) मुद्दाम तोडलंय, म्हणजे दाबाकडे बघायचं.

कूलिंग कॉइलवर (डॅशबोर्डमागे हवा गार करणारी) बर्फ धरतोय का, हा प्रश्न इथे येत नाही. त्यात उलटं होतं, लांबच्या पल्ल्यात वाराच कमी होत जातो आणि एसी बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबलं की परत येतो.

सोलापूरची_चालक:
करून बघितलं. दोन पंखे आहेत. एसी लावल्यावर ड्रायव्हरकडचा फिरतच नाही. पाणी ओतलं तर जाळीतून वाफ आली आणि हवा लगेच गार. कोमट असताना क्लचला व्होल्टेज शून्य. रिले बदलून फरक नाही. इलेक्ट्रिशियनने थेट सप्लाय दिला तरी पंखा नुसता थरथरला, लाकडी काडीने पातं ढकलल्यावर फिरला, तोही रडतखडत. पंखा बदलला की झालं, की गॅसचंही बघायचं?

गेजवाला:
मोटरचे कार्बन ब्रश (आत वीज पोचवणारे तुकडे) बहुधा संपलेत. वायरिंगला हात लावू नका, मोटर बदला.

गॅसचंही बघायलाच हवं. वरून मारलेला गॅस जास्तीचा असण्याची दाट शक्यता आहे. जास्तीचा द्रव कंडेन्सरच्या तळाशी साठतो, गॅस द्रव व्हायला जागा कमी उरते आणि दाब आणखी चढतो. म्हणून त्या दिवसापासून त्रास वाढला. दाब बघून गॅस किती हे कळत नाही, हे गॅरेजवाल्याला ठामपणे सांगा. गाडी काही तास सावलीत उभी असली की प्रेशर गेजचे दोन्ही काटे सारखे येतात, आर-१३४ए ला (एसीतला गॅस) ३० अंशांवर साधारण ९७ पीएसआय, ३५ वर ११४. पण आत १५० ग्रॅम असो की ५००, आकडा तोच, कारण थोडाही द्रव शिल्लक असेपर्यंत उभ्या गाडीतला दाब तापमानावर ठरतो. काटा याच्या बराच वर असेल तर आत हवा किंवा भलताच गॅस मिसळलाय.

म्हणून रिकव्हरी मशीन (गॅस काढून वजनाने भरणारं) असलेल्याकडे जा. सगळा गॅस काढून घ्यायचा, किमान ३० मिनिटं व्हॅक्यूम (पंपाने आतली हवा ओढणं), मग व्हॉल्व्ह बंद करून १५ मिनिटं काटा हलतो का बघायचं. हलला तर कुठेतरी लीक आहे, आधी ते शोधायचं. नाही हलला तर बॉनेटखालच्या स्टिकरवर असेल तितकाच गॅस, वजन करून. छोट्या हॅचबॅकला बहुतेक ३५० ते ४५० ग्रॅम लागतो. गॅससोबत जितकं ऑइल बाहेर आलं तितकंच, कॉम्प्रेसरच्या लेबलवरच्या ग्रेडचं, परत घालायला सांगा.

पंखा उघडलाच आहे तर कंडेन्सर आणि रेडिएटरमधली फट बघून घ्या, तिथे धूळ आणि किडे जमून नमद्यासारखा थर बसतो. साध्या नळीने, आतून बाहेर धुवायचं. प्रेशर वॉशरने नको, फिन्स (पातळ पत्र्याच्या पट्ट्या) आडव्या होतात.